देवघरात पंचायतन मांडताना: शिळांची पारख, जागा आणि रोजची निगा

दगडात देव पाहायला कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. वेशीवरचा शेंदूर लावलेला तांदळा, नृसिंहवाडीच्या पादुका, खिद्रापूरचा कोपेश्वर, वाडी रत्नागिरीचा जोतिबा यांच्या दर्शनाला आपण लहानपणापासून जातो. पण घरच्या देवघरात शाळिग्राम किंवा बाण आणायचा म्हटलं की गोंधळ सुरू होतो. महाद्वार रोडवरच्या दुकानात एकाच परातीत काळे, तांबडे, पांढरे गोटे मांडलेले असतात. दुकानदार एक सांगतो, शेजारच्या काकू दुसरं सांगतात आणि मोबाइलवर तिसरंच वाचायला मिळतं. पंचायतन, म्हणजे पाच देवांची एकत्र पूजा, पहिल्यांदाच मांडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शास्त्राने सांगितलेले नियम आणि त्या त्या दगडाचा गुणधर्म, दोन्ही माहीत असले तरच ही पूजा वर्षानुवर्षं नीट चालते.

1. आधी मधली देवता ठरवा

पंचायतनात विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य असे पाच देव असतात. ही स्मार्त परंपरेतली पूजा असून तिच्या प्रसाराचं श्रेय आद्य शंकराचार्यांना दिलं जातं. पाचांपैकी एक देव मध्ये बसतो आणि बाकीचे चार कोपऱ्यांत. मधल्या देवावरून शिवपंचायतन, विष्णुपंचायतन, देवीपंचायतन अशी नावं पडतात.

मध्ये कोण, हे कुलदैवतावरून किंवा घराण्याच्या उपासनेवरून ठरतं. कोल्हापुरात देवी मध्ये घेणं स्वाभाविक आहे. अंबाबाईच्या मूर्तीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मस्तकावर नाग आणि योनीसह लिंग आहे, आणि गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग या शिवलिंगाचं स्थान आहे. म्हणजे देवीच्या या क्षेत्रात शिवही तिच्यासोबतच आहे. देव वेगवेगळे, पण पूजा एकत्र, हा पंचायतनाचा भाव इथे दगडातच कोरलेला दिसतो.

घरात आधीपासून कुलदैवतांचे टाक असतील तर ते काढून शिळा मांडू नका. टाक आपल्या जागी राहतात आणि पंचायतन वेगळ्या ताम्हनात किंवा पाटावर मांडलं जातं.

2. पाच शिळा कोणत्या

शाळिग्राम म्हणजे विष्णू. नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या परिसरातल्या काली गंडकी नदीत तो मिळतो. काळ्या दगडात आत जे चक्र दिसतं ते अमोनाइट या समुद्री जीवाच्या कवचाचं जीवाश्म असतं. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, हिमालय उभा राहायच्या आधी, तिथे समुद्र होता. त्या कवचाच्या वेटोळ्यात परंपरेने सुदर्शन पाहिलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांत भांडण लावायचं काही कारण नाही.

बाण किंवा नर्मदेश्वर म्हणजे शिव. तो नर्मदेतला, बहुधा गारगोटीच्या जातीचा, लांबट अंडाकृती गोटा असतो.

गणपतीसाठी शोणभद्र, म्हणजे शोण नदीतला तांबडा दगड सांगितला आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत नर्मदेतलाच तांबडा गोटा गणपती म्हणून पुजतात, तोही चालतो.

देवीसाठी आंध्रातल्या सुवर्णमुखी नदीतली शिळा सांगितली आहे. महाराष्ट्रात तिच्या जागी सोनेरी चमक असलेला धातुपाषाणही वापरतात. सूर्यासाठी स्फटिक घेतात. तंजावरजवळच्या वल्लमचा स्फटिक त्यासाठी प्रसिद्ध आहे.

शोणभद्र आणि सुवर्णमुखी शिळा कोल्हापुरात सहज मिळत नाहीत. "अस्सल" म्हणून कुणीही काहीही पुढे केलं तर घाई करू नका. त्याऐवजी गणपती आणि देवी धातूच्या छोट्या मूर्तींच्या रूपात घ्या. शाळिग्राम, बाण, स्फटिक आणि दोन मूर्ती अशी मिश्र पंचायतनं कित्येक जुन्या घरांत आहेत.

3. खरेदी करताना पारख

सगळ्यात जास्त फसगत शाळिग्रामात होते. तीन प्रकारचा माल शाळिग्राम म्हणून विकला जातो: रेझिनमध्ये ओतलेला, सिमेंटमध्ये घडवून रंगवलेला, आणि घासून गुळगुळीत केलेला साधा काळा बेसाल्ट. आपला सगळा परिसरच बेसाल्टचा असल्याने तो फुकटात मिळतो.

घरच्या वजनकाट्यावर एक सोपी तपासणी होते. दगडाचं कोरडं वजन करा. मग पाण्याने अर्धी भरलेली वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर त्या दगडाचं आकारमान. 100 ग्रॅमचा शाळिग्राम साधारण 37 ते 40 दाखवतो. आत सोनेरी माक्षिक (पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज) जास्त असेल तर आकडा आणखी खाली येतो. रेझिनचा माल बहुधा 55 च्या वर जातो. सिमेंटचा 42 ते 48 च्या आसपास असतो. बेसाल्ट 33 ते 36 दाखवतो आणि दोऱ्याला टांगलेला ताकदवान लोहचुंबक त्याच्याकडे किंचित ओढला जातो. शाळिग्रामाकडे सहसा जात नाही.

डोळ्यांनीही बरंच कळतं. खऱ्या चक्राच्या वेटोळ्यांवर बारीक आडवे कंगोरे असतात आणि वेटोळी आत जाताना लहान होत जातात. कोरलेलं चक्र सगळीकडे सारख्या खोलीचं असतं आणि खाचेत हत्याराचे ओरखडे दिसतात. कडेने बारीक सांधा दिसला तर दोन तुकडे चिकटवलेले समजा. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन तळाला हलकेच पुसा. बोळा काळा झाला तर रंग आहे. खिळ्याने किंवा सुरीने मात्र शाळिग्राम खरवडू नका. तो मऊ असतो, चरा कायमचा राहतो.

नावांवरून भाव चढवला जातो, तिथेही सावध राहा. एका मुखात, म्हणजे दगडातल्या भोकात, चार चक्रं आणि वनमाला असेल तर लक्ष्मीनारायण, एकच चक्र असेल तर सुदर्शन, रुंद उघडं मुख असेल तर नृसिंह, अशी लक्षणं ग्रंथांत दिली आहेत. पण झिजलेल्या दगडावर ही लक्षणं ठामपणे सांगणं जाणत्यालाही अवघड जातं. नवीन माणसाने गुळगुळीत, सौम्य दिसणारा, नीट बसणारा शाळिग्राम घ्यावा आणि "दुर्मिळ" या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. पाण्यावर तरंगणारा शाळिग्राम दाखवला तर दुकानातून बाहेर पडा.

बाणाची पारख उलट्या पद्धतीने होते, कारण तो कठीण असतो. तळाच्या बाजूला लोखंडी खिळ्याचं टोक दाबून ओढा. गारगोटीच्या जातीच्या बाणावर चरा उमटत नाही, उलट खिळ्याची करडी रेघ दगडावर राहते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. चरा पडला तर दगड मऊ आहे.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. बाजारातले बहुतेक गुळगुळीत बाण मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या बकावां या नर्मदाकाठच्या गावातले कारागीर घडवतात. दगड नर्मदेतला असतो, आकार आणि झिलई माणसाच्या हातची. पूजेला त्यात काही बाध नाही. फक्त "नदीनेच घडवलेला" म्हणून त्याची किंमत देऊ नका. खरखरीत, चपटा, भोक पडलेला किंवा तडा गेलेला बाण घरासाठी घेत नाहीत.

शाळुंका, म्हणजे बाण बसवायची बैठक, वेगळी घ्या आणि बाण त्यात सुटा बसतो का पाहा. शाळुंकेला बाण चिकटवून विकतात, तो घेऊ नका. त्या सांध्यात दूध साचतं, आठवड्यात वास येतो आणि खालून स्वच्छ करता येत नाही.

स्फटिकाच्या नावाखाली काच खपते. उजेडात धरून आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. गोल स्फटिक एका केसावर ठेवून हळूहळू फिरवा. खऱ्या स्फटिकातून काही कोनांत केस दुहेरी दिसतो, काचेतून एकेरीच राहतो.

द्वारकेची चक्रांकित शिळा नव्याने विकत घेऊ नका. ती प्रवाळाची असते आणि दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. गोमतीचक्र ही आणखी वेगळी वस्तू. ते समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचं झाकण असतं, शिळा नव्हे.

4. किती आणि केवढ्या

घरात दोन लिंगं, तीन गणपती, दोन शंख, दोन सूर्य, तीन देवी, दोन द्वारकाचक्रं आणि दोन शाळिग्राम पूजेत ठेवू नयेत, असा धर्मशास्त्रातला प्रसिद्ध नियम आहे. शाळिग्राम एक चालतो. जास्त असतील तर चार, सहा असे सम संख्येत ठेवतात, पण दोन नाहीत. तीन किंवा पाचही नाहीत.

आजोळहून एक बाण आला, आधीचा एक आहे, आता काय, हा प्रश्न नेहमी येतो. एक पूजेत ठेवा, दुसरा नात्यातल्या एखाद्या घरी किंवा मंदिरात द्या. खिद्रापूरला एकाच गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर आहेत, मग घरात दोन का नकोत, असंही विचारलं जातं. वरचा नियम घरच्या पूजेपुरता आहे, मंदिराला तो लागत नाही. शिवाय तिथे धोपेश्वराला विष्णुरूप मानतात.

आकार लहान ठेवा. शाळिग्राम आवळ्याएवढा उत्तम. बाण अंगठ्याच्या पेराएवढा पुरे. घरातली कोणतीही मूर्ती एक वितीपेक्षा मोठी नसावी.

5. काय काय लागेल

- पाच शिळा (किंवा शिळा आणि मूर्ती), पितळी शाळुंका
- तांब्याचं ताम्हन, पळी, पंचपात्र, अभिषेकाला लहान गळती
- पंचामृतासाठी चांदीची किंवा स्टीलची वाटी
- सहाण आणि चंदनाचं खोड
- सुती मऊ फडकी चार: दोन पुसायला, दोन वाळत
- मऊ केसांचा लहान ब्रश, नवा
- तुळस, दूर्वा, बेल, जास्वंद, पांढरी फुलं
- शंख, घंटा, निरांजन
- दुकानाची पावती, शिळेचं वजन आणि फोटो. पुढे अदलाबदल झाली किंवा वाटणीत प्रश्न आला तर हेच उपयोगी पडतात

6. मांडणी

अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तिच्यासमोर आपण पूर्वेकडे तोंड करून उभे राहतो. घरातही तसंच धरा: तुम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलात की ईशान्य म्हणजे लांबचा डावा कोपरा, आग्नेय लांबचा उजवा, नैर्ऋत्य जवळचा उजवा आणि वायव्य जवळचा डावा. देवघर दुसऱ्या दिशेला असेल तर दिशा कशा धरायच्या हे आपल्या गुरुजींना विचारा, याबाबत घराण्यांत फरक असतो.

ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या क्रमाने:

- देवी मध्ये: विष्णू, शिव, गणपती, सूर्य
- शिव मध्ये: विष्णू, सूर्य, गणपती, देवी
- विष्णू मध्ये: शिव, गणपती, सूर्य, देवी
- गणपती मध्ये: विष्णू, शिव, सूर्य, देवी
- सूर्य मध्ये: शिव, गणपती, विष्णू, देवी

हा क्रम कागदावर लिहून देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. स्नानानंतर पुसून परत ठेवताना नेमकी अदलाबदल होते, विशेषतः घरातली वेगवेगळी माणसं पूजा करत असतील तर. शाळुंकेची पन्हळ उत्तरेकडे ठेवा. दोन शिळांत किमान तीन बोटांचं अंतर सोडा, त्याचं कारण पुढच्या टप्प्यात कळेल.

शाळिग्राम आणि बाण यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, आवाहन-विसर्जनही नाही. देवत्व त्यांच्यात मुळातच आहे असं मानलं आहे. धातूच्या मूर्ती घेतल्या असतील तर त्यांच्यापुरता संस्कार गुरुजींकडून करून घ्या. "शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करून देतो" असं सांगून कुणी दक्षिणा मागत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

7. रोजची पूजा आणि कुणाला काय चालत नाही

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. क्रम असा: कालचं निर्माल्य काढणं, शुद्ध पाण्याचं स्नान, पुसणं, जागेवर ठेवणं, गंध, फुलं-पत्री, धूप-दीप, नैवेद्य, आरती.

पाच देव एकाच ताम्हनात असले तरी त्यांची पथ्यं वेगळी आहेत. विष्णूला अक्षता नाहीत, गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाहीत, सूर्याला बेल नाही. शिवाला केवडा नाही आणि शंखातलं पाणीही नाही. सवयीने पाचांवर एकदम अक्षता टाकल्या की त्या शाळिग्रामावर पडतातच. म्हणून अक्षता चिमटीत धरून एकेकाजवळ ठेवा, आणि शाळिग्रामाला त्यांच्या जागी तुळशीपत्र द्या. तीन बोटांचं अंतर यासाठीच.

स्नान घालताना शिवाला आधी पळीने पाणी घाला आणि बाण बाजूला काढा. मग शंख हातात घ्या. एवढा क्रम पाळला की चूक होत नाही.

बेलाचं पान पालथं वाहतात आणि देठाची जाड गाठ काढतात. तुळस द्वादशीला तोडत नाहीत, त्यामुळे आदल्या दिवशी जास्त तोडून ओल्या फडक्यात ठेवा. तुळस आणि बेल शिळे मानत नाहीत, धुऊन पुन्हा वाहता येतात.

पंचामृत रोज नको. एकादशी, प्रदोष, चतुर्थी, सणवार एवढं पुरेसं आहे. लहान शिळांना दूध दोन चमचे, दही एक, तूप अर्धा, मध अर्धा, साखर एक, याच क्रमाने, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. शेवटी कोमट पाणी, नाहीतर तूप जात नाही. पंचामृत तांब्याच्या भांड्यात साठवू नका. दह्याच्या आंबटपणाने तांबं उतरतं आणि तेच तीर्थ म्हणून पोटात जातं. ताम्हनातलं स्नानाचं पंचामृतही लगेच वाटीत काढा.

शिवाचं तीर्थ घ्यावं की नाही, ही शंका बऱ्याच जणांना असते. शाळिग्रामाचा स्पर्श झालेलं तीर्थ आणि नैवेद्य ग्राह्य मानलं आहे, त्यामुळे पंचायतनाचं तीर्थ निःशंक घ्या.

गणपतीच्या शिळेला शेंदूर लावायचा मोह टाळा. शेंदूर शिशाचा असतो, विषारी असतो. लावलेलाच असेल तर त्या शिळेच्या स्नानाचं पाणी तीर्थात मिसळू नका.

8. निगा

मोठ्या देवस्थानातही दगड झिजतो. अंबाबाईच्या मूर्तीवर 1955 मध्ये वज्रलेप (झीज थांबवणारा लेप) झाला आणि 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केलं. घरची शिळा लहान, म्हणून तिला जपणं सोपं आहे, पण जपावं लागतं.

तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत शिळांनाही चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आम्लाने शाळिग्राम खरखरीत होतो आणि चक्रावरचे कंगोरे बोथट होतात. तूप चिकटलं असेल तर कोमट पाण्यात चमचाभर हरभऱ्याचं पीठ कालवून बोटाने चोळा. चक्राच्या खाचेत मऊ ब्रश हलका फिरवा.

जून ते सप्टेंबर शाळिग्रामाकडे खास लक्ष द्या. त्यातल्या सोनेरी माक्षिकाला दमट हवा सोसत नाही. ओलसर राहिला की ते गंजतं, खाचेत पिवळट-पांढरी भुकटी येते, गंधकासारखा वास येतो आणि दगड आतून फुगून फुटतो. स्नानानंतर फडक्याच्या टोकाने मुखातलं पाणी टिपून घ्या, दहा मिनिटं कोरड्या फडक्यावर उघडा ठेवा आणि मगच आसनावर ठेवा. खाली ओलं वस्त्र राहू देऊ नका. भुकटी दिसलीच तर पंचामृत बंद करा. कोरड्या ब्रशने ती झटका आणि काही दिवस स्नानाऐवजी फक्त तुळशीने प्रोक्षण करा.

गंध सहाणेवर उगाळलेलंच वापरा. तयार रंगीत गंध आणि स्वस्त कुंकू यांतले रंग बाणाच्या बारीक भेगांत आणि देवीच्या शिळेत उतरतात, मग निघत नाहीत.

गोल स्फटिक असेल तर देवघरावर थेट ऊन येतं का ते पाहा. सूर्याचे किरण त्यातून एका बिंदूत गोळा होतात आणि खालचं वस्त्र किंवा वाळलेलं निर्माल्य पेटू शकतं. खिडकीजवळच्या देवघरात ऊन येण्याच्या वेळी स्फटिकावर कापड घाला.

स्नानाला घरातलं पिण्याचं पाणी वापरा. पंचगंगेचं पाणी आणायची इच्छा असते, पण आज ते थेट तीर्थाला घेण्यासारखं नाही. घाटावर नमस्कार करा, तीर्थ घरच्या पाण्याचं घ्या.

9. गावाला जाताना, आणि शिळा तुटली तर

शाळिग्रामाची पूजा रोज व्हावी असा दंडक आहे, म्हणून तो आणण्याआधीच घरात कोण कधी करणार हे बोलून घ्या. सुतक-सोयरात शेजारी किंवा गुरुजी पूजा करतील अशी सोय असावी. चार-आठ दिवस घर बंद राहणार असेल तर शाळिग्राम तुळशीपत्रासह कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. बाकीचे देव नेहमीप्रमाणे तांदळात ठेवले तरी चालतात.

शाळिग्राम पडून टवका उडाला किंवा भेग गेली तरी त्याची पूजा थांबवायची नाही. खंडित शाळिग्रामही पूज्यच आहे. तो घाबरून नदीत सोडू नका आणि फेव्हिक्विकने जोडूही नका, गोंद खाचेत पसरून चक्र बुजतं. तुकडे पडले असतील तर मोठा भाग पूजेत ठेवा, लहान तुकडे त्याच्याच आसनाखाली पुरचुंडीत. बाण दुभंगला असेल तर मात्र दुसरा घ्या आणि जुना जवळच्या शिवमंदिरात पुजाऱ्यांना विचारून द्या. धातूची मूर्ती भंगली तर गुजरीत सोनाराकडे आटवून त्याच धातूची नवी करून घेता येते, तेव्हा मोडीत घालून पैसे घेऊ नका.